फड तुटल्यावर कोल्हा जातो कुठे?

पौष-माघाच्या दिवसांत वाळवा, पलूस किंवा कराड तालुक्यात एखाद्या मोठ्या फडाची तोड शेवटाला आली, की बांधावर आपोआप गर्दी जमते. टोळीतले कोयते तिन्ही बाजूंनी आत सरकत असतात. मधे उभ्या राहिलेल्या चार-पाच सऱ्यांत दिवसभर मागे हटत आलेलं सगळं रान गोळा झालेलं असतं. ससा सुटतो, त्यामागून एखादं रानमांजर, कधी घोरपड. पोरं काठ्या घेऊन ओरडत असतात. आणि एखाद्या वर्षी, सगळ्यांचं लक्ष सशाकडे असताना, जिकडे माणूस नाही त्या कोपऱ्यातून एक तांबूस-करडं जनावर शेपूट खाली ठेवून निघतं, पाटाच्या कडेनं पळतं आणि ओढ्याच्या करंजांत नाहीसं होतं. ‘कोल्हा गेला!’ असं कुणी ओरडेपर्यंत तो गेलेलाही असतो.

त्या पळण्यात गोंधळ नसतो. कुठल्या बांधावर वळायचं, पाट कुठे ओलांडायचा, ओढ्यात कुठल्या उतारानं उतरायचं, हे त्याच्या पायांना आधीच ठाऊक असतं. रोज रात्री तो याच वाटेनं गेलेला आहे. फड हा त्याचा दिवसाचा निवारा. त्याचं रान मात्र या फडापेक्षा कितीतरी मोठं, आणि दर महिन्याला आकार बदलणारं.

कोल्हा म्हटलं की आपल्या मनात जंगल उभं राहतं. सातारा-सांगलीत जंगलाची वाण नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. पण कोल्हा शोधायचा तर या दाट, ओल्या, सदाहरित रानात शिरण्यापेक्षा त्याला पाठ करून पूर्वेकडे चालू लागावं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोन टोकांच्या मधे कृष्णाकाठचा ऊस, येरळेच्या बाजूची द्राक्षं, मग ज्वारी-बाजरी, मग नुसता माळ असे पट्टे एकामागून एक येतात. कोल्ह्याला हे पट्टे जिथे एकमेकांना शिवलेले असतात ती शिवण आवडते: उसाची कड, ओढ्याची कड, गायरानाची कड, गावाची कड. नकाशावर हिरव्या रंगात दाखवायला यातलं काहीच सापडत नाही.

इथे ओळखीचा एक घोटाळा आधी सोडवायला हवा. आपल्याकडे तीन श्वानकुळी जनावरं शेजारी-शेजारी राहतात आणि शाळेच्या पुस्तकांनी त्यांची नावं एकमेकांत मिसळून टाकली आहेत. लांडगा सगळ्यांत मोठा, उंच पायांचा. खोकड सगळ्यांत लहान. जेमतेम दोन-तीन किलोचं, मोठ्या कानांचं आणि झुबकेदार शेपटीला काळं टोक असलेलं. कोल्हा मधला, साधारण सात ते अकरा किलोंचा. इसापाच्या गोष्टीत द्राक्षांखाली उड्या मारणारा प्राणी खोकडाच्या जातभाईंपैकी होता. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण जन्माला आली. तासगावच्या बागायतदाराला ही म्हण ऐकवली तर तो हसेल. त्याच्या मांडवाखाली घड विरळताना, निवडताना, काढताना गळालेले मणी सांडलेले असतात. कोल्ह्याला उडी मारायची गरजच नाही, मान खाली घातली की पुरे.

त्याच्या स्वभावाचं खरं वर्णन दुसऱ्या म्हणीत आहे. ‘कोल्हा काकडीला राजी’ असं आपण क्षुल्लक गोष्टीवर खूश होणाऱ्या माणसाला हिणवून म्हणतो. प्राणिशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर हे हिणवणं नव्हे, कौतुक आहे. उंदीर, घुशी, सरडे, पक्ष्यांची अंडी, नाकतोडे, ओढ्यातले खेकडे, मेलेलं जनावर, बोरं, जांभळं, कलिंगड, मक्याचं कोवळं कणीस, भुईमुगाच्या शेंगा, आणि हो, उसाचं कांडंसुद्धा. यातलं काहीही त्याला चालतं. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात आणि राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीत झालेल्या पाहण्यांतही त्याच्या जेवणात उंदरांसारखे लहान जीव आणि फळं यांचाच वाटा मोठा निघाला. लांडग्याला कळप लागतो, खोकडाला मोकळा माळ लागतो. कोल्ह्याला ‘काहीतरी’ लागतं, आणि काहीतरी सगळीकडे असतं.

म्हणूनच तो कुठे जेवतो यापेक्षा तो कुठे झोपतो हे अधिक महत्त्वाचं ठरतं. माणसांनी भरलेल्या मुलखात रात्री अन्न कुठेही मिळतं. दिवसाचे बारा तास न दिसता काढणं हे अवघड काम. बांगलादेशात संशोधक मायकेल येगर आणि सहकाऱ्यांनी शेतीप्रदेशातल्या कोल्ह्यांचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. भाताच्या आणि उसाच्या त्या सपाट देशात दिवसा लपायला काय वापरलं जातं, काय खाल्लं जातं आणि किती जागा व्यापली जाते, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र धरले. उभा ऊस असेल तिथे कोल्हे दिवसा उसात बसत आणि रात्री निघून शेतांतले उंदीर खात. म्हणजे ऊस हे घर आणि भोवतालची शेतं हे स्वयंपाकघर. हा निष्कर्ष कृष्णाकाठच्या कुठल्याही पाणकऱ्यानं, रात्रपाळीच्या विजेवर दारं धरता धरता, केव्हाच काढलेला आहे. फक्त त्यानं तो कुठे छापला नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतीप्रदेशात याहून बारीक मोजमाप झालं. अंजन कटना, अभिजित कुलकर्णी, मारिया ठाकर आणि अबी वनक यांनी कोल्हा, खोकड आणि रानमांजर या तिघांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे अडकवून त्यांच्या फिरण्याची तुलना केली. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच मुलखात, एकाच रात्री फिरणारी ही तीन जनावरं एकच रान वापरत नाहीत, हे त्यातून दिसलं. खोकड गवताळ माळाला धरून राहतं. माळ नांगरला की त्याचं घर गेलं. कोल्हा आणि रानमांजर पिकांत शिरतात, बागायत आपलीशी करतात. त्यामुळे ‘शेती वाढली की वन्यप्राणी संपतात’ हे वाक्य खोकडाच्या बाबतीत बरंचसं खरं, आणि कोल्ह्याच्या बाबतीत अर्धवट आहे.

कोल्हा चालतो कसा, हेही पाहण्यासारखं असतं. तो सहसा पळत नाही आणि रेंगाळतही नाही. दुडकी चाल धरतो. या चालीनं तो एका रात्रीत कित्येक किलोमीटर सहज फिरतो. मधेच थांबतो, एक पाय उचललेला, कान पुढे. पाचटाखाली उंदराची खुसफूस ऐकू आली की मागच्या पायांवर ताठ उडी घेऊन पुढच्या पायांनी दाबतो. त्याच्या वाटा बघितल्या तर माणसाच्याच वाटा असतात: पाणंद, बांध, कालव्याची भर, बैलगाडीची चाकोरी. झुडपांतून अंग ओरबाडून घेण्यापेक्षा तयार वाट बरी, हा त्याचा हिशेब सरळ आहे. वाटेवरचा उंच दगड, बांधाचा कोपरा, मैलाचा दगड अशा नजरेत भरणाऱ्या जागी तो लेंडी टाकतो, लघवीचा वास ठेवतो. पहाटे पाणंदीतून जाणाऱ्याला दगडाच्या माथ्यावर उंदराच्या केसांनी आणि बोरांच्या आठळ्यांनी भरलेली लेंडी दिसते. ती शेजारच्या कोल्ह्यांसाठी लावलेली पाटी असते. बोरांच्या बाबतीत तिचा आणखी एक उपयोग होतो: खाल्लेल्या जागेपासून दूर, बांधाच्या कडेला बी पडतं.

एका जोडीचं हे राज्य किती मोठं? वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांतून एक चौरस किलोमीटरपासून वीस चौरस किलोमीटरपर्यंतचे आकडे मिळाले आहेत. एवढा फरक पाहून गोंधळायला होतं, पण कारण साधं आहे. अन्न आणि आडोसा जवळजवळ असतील तर राज्य लहान ठेवलं तरी भागतं. लांब लांब असतील तर पायपीट वाढते. उसाच्या पट्ट्यात घर, पाणी, उंदीर आणि गावाबाहेरचा उकिरडा हे सगळं हाकेच्या अंतरात असतं. जतच्या माळावर त्याच चार गोष्टींसाठी रात्र घालवावी लागते.

राज्याची हद्द वासानं सांगितली जाते तशी आवाजानंही. कोल्हेकुई हा मराठीत टवाळीचा शब्द झाला आहे, पण ती शिस्तीची गोष्ट आहे. दिवेलागणीला एक जण सुरू करतो, घरातले बाकीचे सूर मिसळतात, मग पलीकडच्या ओढ्यातून दुसरं कुटुंब उत्तर देतं. मोठे कोल्हे उभ्यानं ओरडतात, लहान किंवा हाताखालचे बसून. भोंगे, शिट्ट्या, घंटा यांनाही ते ओ देतात. साखर कारखान्याच्या भोंग्यामागोमाग कोल्हेकुई उठली तर नवल वाटायला नको. युरोपात तर या सवयीचा उपयोग शिरगणतीला होतो. संशोधक ठरावीक जागी ध्वनिमुद्रित हुंकार वाजवतात आणि किती दिशांनी उत्तर येतं ते मोजतात. एरवी एकट्यानं, भेसूर, वेगळाच ओरडणारा कोल्हा म्हणजे ‘भालू’. भालूचं ओरडणं आपल्याकडे अशुभ मानलं गेलं. इंग्रजांच्या शिकारपुस्तकांत वाघाच्या मागे मागे फिरून त्याच्या शिकारीवर जगणाऱ्या एकट्या कोल्ह्याला ‘कोल-भालू’ म्हटलेलं सापडतं. गंमत अशी, की याच मुलखात सकाळी कामाला निघताना कोल्ह्याचं तोंड दिसणं शुभही समजतात. माणसाला कोल्ह्याबद्दल एक मत कधीच बनवता आलेलं नाही.

आता पुन्हा फडाकडे. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या पाच-सहा महिन्यांत कृष्णा-वारणेच्या काठाचं अरण्य तुकड्या-तुकड्यानं नाहीसं होतं. बारा-चौदा फूट उंच, आत सूर्य शिरत नाही असा आडोसा आज आहे आणि उद्या तिथे नुसतं पाचट. परवा त्या पाचटाला काडी लागते. झाडांच्या जंगलात राहणाऱ्या कुठल्याही प्राण्याच्या नशिबी असं दरवर्षीचं स्थलांतर नसतं.

तरीही कोल्हा टिकतो, कारण सगळा ऊस एकाच वेळी तुटत नाही. याचं गुपित लागणीच्या वेळापत्रकात आहे. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस उन्हाळ्यात गुडघ्या-मांडीइतका असतो. खोडवाही तसाच कोवळा. पण कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची पहिली पसंती आडसालीला. जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाली सोळा-अठरा महिने शेतात उभी राहते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बाकीचं शिवार उघडंबोडकं झालेलं असतं, तेव्हा नऊ-दहा महिन्यांचा आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि त्याची तोड अजून निदान सहा महिने लांब असते. उन्हाळ्यातल्या कोल्ह्याचा नकाशा काढायचा झाला तर आडसालीची शेतं ठिपक्यांसारखी मांडावीत आणि ओढे, पाट, पाणंदी यांच्या रेषांनी ती जोडावीत. कारखान्याच्या शेती खात्याकडे असलेली ऊसनोंद हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, या भागातला कोल्ह्याचा सर्वांत चांगला नकाशा आहे.

आणि उन्हाळ्यातच त्याला या आडोशाची सर्वाधिक गरज असते. आपल्याकडे कोल्ह्यांची जोडी थंडीच्या अखेरीस जमते. मादी साधारण त्रेसष्ट दिवस गाभण राहते, म्हणजे पिल्लं पडतात ती बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला. एका वेळी साधारण चार. बीळ ओढ्याच्या दरडीत, जुन्या तालीत, सायाळीनं सोडलेल्या भोकात, कधी रस्त्याखालच्या मोरीतही असतं. दोन-तीन मीटर लांबीचं आणि एकापेक्षा जास्त तोंडांचं. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की बाहेर डोकावतात. नर-मादी दोघंही पोटात अन्न आणून पिल्लांपुढे ओकून देतात. संशय आला की आई एकेकाला तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते. म्हणूनच तोडीत किंवा बांध कोरताना सापडलेली पिल्लं ‘आईनं टाकलेली’ नसतात. माणसं बाजूला झाली तर ती रात्रीतून घेऊन जाते. पिल्लं उचलून घरी आणणं हा दयाळूपणा नव्हे, अपहरण आहे.

मागच्या वर्षीची पिल्लं कधी कधी आईबापांजवळ थांबून धाकट्या भावंडांना सांभाळतात. पॅट्रिशिया मोलमन यांनी सेरेंगेटीत कोल्ह्यांचा हा ‘मदतनीस’ प्रकार उलगडला. काळ्या पाठीच्या कोल्ह्यांत जितके मदतनीस जास्त तितकी पिल्लं जास्त वाचतात, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. (सोनेरी कोल्ह्याचेही म्हणून आफ्रिकेतले जे दाखले पुस्तकांत दिले जातात, ते जरा जपून वाचावेत. तिथला ‘सोनेरी कोल्हा’ ही आपल्यापेक्षा वेगळी, लांडग्याला जवळची जात आहे असं २०१५ मध्ये जनुकीय तपासणीत निघालं.) थांबायचं नसेल ती तरुण पोरं वर्षभराची होऊन नवीन राज्य शोधायला निघतात. जिल्ह्यातल्या रस्त्यांवर चिरडलेले दिसतात ते अनेकदा हेच अनुभव नसलेले प्रवासी.

बिळाच्या वेळापत्रकात आणखी एक शहाणपण आहे. कृष्णा पावसाळ्यात किती वर येऊ शकते ते सांगलीला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं आणि तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. नदीकाठची हजारो एकर मळी तेव्हा पाण्याखाली होती. मार्च-एप्रिलात पडलेली पिल्लं तोवर चार-पाच महिन्यांची, आपल्या पायांवर पळणारी झालेली असतात. पाणी चढेल तसे उंदीर, साप, ससे आणि त्यांच्यामागे कोल्हे वरच्या अंगाला, मळीतून माळाकडे सरकतात. तिथे आडोशाला जे काही उरलेलं असेल त्यावर पुढचे दिवस निघतात.

वरच्या अंगाला म्हणजे पूर्वेला. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. इथे ऊस पाहुणा आहे. मूळचं रान म्हणजे कुसळी गवताचा माळ, ओघळीतली वेडी बाभूळ, बोरी, तरवड आणि धनगरांच्या वाड्यांभोवती फिरणारी मेंढरं. इथे लांडगा आहे आणि जिथे लांडगा असतो तिथे कोल्हा दबून वागतो. जतच्या बाजूची माडग्याळी मेंढरं रात्री वाघरीत कोंडलेली असतात. कोल्हा पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या वाटेला सहसा जात नाही. नुकतं जन्मलेलं कोकरू किंवा करडू उघड्यावर राहिलं तर मात्र उचलतो. धनगर हे जाणतो आणि कुत्री बांधून झोपत नाही, सोडून झोपतो.

गेल्या काही दशकांत या माळाखालचं पाणी बदललं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे चढवलं. जिहे-कठापूर आणि उरमोडीनं खटाव-माणकडे. पाण्यामागून ऊस आला, डाळिंब आलं, मका आला. कोल्ह्याच्या दृष्टीनं पाहायचं तर त्याच्या आवडीची शिवण पूर्वेकडे सरकते आहे. खोकडाच्या आणि लांडग्याच्या दृष्टीनं पाहायचं तर कापडच फाटतं आहे. दोन्ही गोष्टी एकाच कालव्यानं होतात, हे लक्षात ठेवलं तर ‘पाणी आलं म्हणजे निसर्ग सुधारला’ किंवा ‘बिघडला’ असली सरसकट वाक्यं कमी होतील.

रानातला एक तुकडा हलवला की साखळीत पुढे काय काय हलतं, याचा सर्वांत देखणा दाखला साताऱ्यातच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मारिया ठाकर, आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण जवळजवळ चौपटीनं कमी होतं; त्यामुळे गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेले सरडे तिथे संख्येनं जास्त आणि वागण्यात निर्धास्त झाले होते. (या सरड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ‘सरडा’ असं चक्क मराठी आहे.) वरचा शिकारी हटला की मधल्याला, खालच्याला मोकळीक मिळते. युरोपात कोल्ह्याबाबत हेच घडत असल्याचं अनेक संशोधक मानतात. लांडगे मारून संपवलेल्या मुलखांतून तो बाल्कन प्रदेशाबाहेर पसरत गेला: २०१३ मध्ये एस्टोनिया, २०१५ मध्ये डेन्मार्क, पुढच्या वर्षी नेदरलँड्स आणि २०२० मध्ये थेट नॉर्वेचं उत्तर टोक. आपल्याकडच्या उसात लांडगा नाही, पण बिबट्या आला आहे. शिराळा, कराड, वाळव्यात तो आता बातमीचा विषयसुद्धा राहिलेला नाही. बिबट्याला कुत्रा चालतो तसा कोल्हाही चालतो. कोल्ह्याच्या घरात आता वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे.

खरा शेजारी आणि खरा त्रास मात्र कुत्र्याचा. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, खाटकाचा कचरा, मेलेली जनावरं यांवर दोघांचंही पोट भरतं, त्यामुळे दोघं एकाच ढिगावर भेटतात. कुत्री संख्येनं जास्त आणि पोटाची काळजी नसलेली. ती कोल्ह्यांना पळवतात, पिल्लं फाडतात आणि आजार देतात. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज हे सगळे दोघांत समान. मुंबईत कांदळवनांत राहणारे कोल्हे आहेत. दिवसा तिवरांत आणि रात्री वस्तीच्या कडेला, म्हणजे इथला ऊस तिथली कांदळवनं. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. रात्रीचा लाजरा प्राणी दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर येऊ लागला तर तो ‘माजलेला’ नसून आजारी असतो. अशा वेळी काठी शोधण्याऐवजी अंतर ठेवावं आणि चावा झालाच तर जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुऊन लगेच लस घ्यावी. गावातल्या कुत्र्यांना लस टोचणं हे कोल्ह्यासाठीही आणि माणसासाठीही सर्वांत स्वस्त काम आहे.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. कोल्हा कांडं कुरतडतो, कलिंगड फोडतो, मक्याची कणसं मोडतो; उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या चावतो. पण रानडुक्कर एका रात्रीत जे करतं त्याच्यापुढे हे किरकोळ. उलट बाजूला तो उसातले किती उंदीर आणि घुशी खातो याची वही कुणी ठेवत नाही. बांधावर विषाचा मांसाचा तुकडा टाकणारा शेतकरी आपलाच बिनपगारी राखणदार मारत असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मारणं हा गुन्हा आहे. ‘कोल्ह्याचं शिंग’ बाळगलं की पैसा येतो, या समजापायीही तो मारला जातो. कोल्ह्याला शिंग नसतं. बाजारात त्या नावानं जे विकलं जातं ते हाड, कातडं आणि केस यांचं बनवलेलं सोंग असतं.

फड तुटल्यावर कोल्हा कुठे जातो, याचं उत्तर दरवर्षी जिथे असतं त्या जागा मोठ्या नाहीत. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची करंज-घाणेरीची दाटी, जुन्या तालीतली दरड, मसणवट्यामागची बाभळ, गायरानाचा न नांगरलेला कोपरा. ऊस येतो-जातो, या जागा जागच्या जागी राहतात आणि म्हणून एका फडापासून दुसऱ्या फडापर्यंतचा प्रवास जमतो. आज जेसीबीनं ओढे सरळ होताहेत, बांध कोरून अर्धा फूट होताहेत, गायरानं वाटली जाताहेत. सागरेश्वरसारखं जिद्दीनं उभं केलेलं अभयारण्यही जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं; त्याच्या कुंपणाबाहेर लगेच ऊस सुरू होतो. कोल्ह्यांच्या एकाच कुटुंबाला कधी कधी याहून जास्त जागा लागते.

वाटेवर दोन सापळे मात्र असे आहेत, जे कुणी मुद्दाम लावलेले नाहीत. एक, कठडा नसलेली विहीर. दुसरा, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं: पाणी प्यायला उतरलेल्या जनावराचे पाय त्या गुळगुळीत उतारावर टिकत नाहीत आणि पोहून पोहून ते दमतं. शेततळ्याच्या एका कोपऱ्यात जुनी जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून वर पक्का बांधून ठेवला, तर कोल्हा, रानमांजर, घोरपड, आणि प्रसंगी माणसाचं पोरही त्याला धरून वर येऊ शकतं. विहिरीत जनावर पडलेलं दिसलं तर खाली उतरू नये. एखादी फळी किंवा टोपली दोरानं सोडून त्याला टेकायला आधार द्यावा, गर्दी हटवावी आणि वन विभागाला कळवावं. त्यांचा मदतीचा क्रमांक १९२६.